मचाणाचा कर्ता

शिकारकथा वाचणाऱ्यांच्या परिचयाचे एक वाक्य आहे. वाघाने मारलेले जनावर सापडलेले असते, त्याच्या येण्याजाण्याची वाट ताडलेली असते, वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहून झालेले असते आणि मग ते वाक्य येते : 'दुपारी चारच्या सुमारास मचाण बांधून तयार झाले.' पुढच्याच वाक्यात निवेदक वर चढून बसतो आणि खरी कथा सुरू होते. काळोख, रातकिडे, सुकलेल्या पानाचा आवाज, दोन हिरवे डोळे. मचाण कोणी बांधले, किती वेळात बांधले, बल्ल्या कोठून आणल्या, त्या झाडावर आधी कोण चढले, याविषयी ते वाक्य काही सांगत नाही. सांगण्याची त्याला गरजही वाटत नाही.

व्याकरण शिकवणाऱ्यांना या वाक्यात थोडा अधिक रस वाटायला हरकत नाही. मराठीत भूतकाळातील सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे चालते. 'त्याने मचाण बांधले' असे म्हटले तरी 'बांधले' हे रूप मचाणाचे लिंगवचन घेते, 'त्याने' हा तृतीयेत बाजूला उभा असतो. त्याला हलकेच काढून टाकले तरी वाक्य लंगडत नाही. वर्तमानकाळात ही सोय नाही. 'तो मचाण बांधतो', 'ती माणसे मचाण बांधतात' यांत क्रियापद कर्त्याला धरून असते आणि कर्ता गाळला तरी त्याची खूण क्रियापदाच्या शेवटी उरते. शिकारकथा भूतकाळात सांगितल्या जातात हे तर खरेच. पण भूतकाळाने दिलेली ही सवलत त्या किती मोकळ्या हाताने वापरतात, हे पाहण्याजोगे आहे. वाघावर गोळी झाडणारा 'मी' मात्र प्रत्येक वाक्यात शाबूत असतो.

मचाण या शब्दाचे कूळ मोठे आहे. संस्कृत 'मंच' हा त्याचा पूर्वज. बसण्याचा माचा, गडाची माची आणि राजाचा मंचक हे सारे त्याचे सगेसोयरे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात विदर्भाची राजकन्या इंदुमती हिच्या स्वयंवरासाठी जमलेले राजे मंचांवर बसलेले आहेत. त्याच काव्याच्या चौथ्या सर्गात शरद ऋतूच्या वर्णनात साळीच्या शेताची राखण करणाऱ्या स्त्रिया येतात. त्या उसाच्या सावलीत बसून रघूचे यश गातात. एकाच काव्यात राजे मंचावर आहेत आणि शेत राखणाऱ्या जमिनीवर. कालिदासाचा त्यात काही हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. मंच कोणाला मिळतो हा प्रश्न मात्र जुना आहे, एवढेच म्हणतो.

आता आमच्याविषयी. आम्ही तिघे चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील धानपट्ट्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. कला शाखेच्या द्वितीय वर्षातील एक विद्यार्थी दिवाळीच्या आधीच्या महिनाभरात पहिल्या तासिकेला जवळजवळ येतच नसे; आला तर मागच्या बाकावर डोके टेकून झोपलेला असे. विद्यापीठीय नियमानुसार पंचाहत्तर टक्के हजेरी आवश्यक. त्याची तेवढी भरण्याची चिन्हे नव्हती. विचारले तेव्हा तो एकच शब्द बोलला : "जागल." धान भरात आले की रानडुकरांचे कळप रात्री बांध्यांमध्ये उतरतात. एक कळप एका रात्रीत बांधी लोळवतो. खातो त्याहून अधिक तुडवतो. म्हणून दाणा भरल्यापासून कापणीपर्यंत रात्रभर कोणीतरी शेतात जागे असावे लागते. त्याचे वडील आणि तो आळीपाळीने जात. आमच्या भागातल्या वर्तमानपत्रांत 'जागलीसाठी गेलेल्या शेतकऱ्यावर वाघाचा हल्ला' ही बातमी काही नवलाची राहिलेली नाही. तो ज्या आठवड्यात आमच्याशी बोलला, त्या आठवड्यात शेजारच्या शिवारात वाघाचे पगमार्ग दिसले होते. त्याच्या वडिलांनी नवे, उंच मचाण बांधायचे ठरवले होते. जुने जमिनीपासून जेमतेम पाच हात होते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन दिवस त्या कामावर गेलो. मदतीसाठी गेलो असे म्हणणे धाडसाचे होईल. कामाच्या वेळी तेथे होतो, असे म्हणावे.

पहिला प्रश्न झाडाचा. शेताच्या धुऱ्यावर एक जुना मोह होता. त्याच्या दोन जाड फांद्या साधारण चौदा फुटांवर फुटल्या होत्या, पण दोन फांद्यांवर चौकोन उभा राहत नाही. म्हणून मचाणाची मागची बाजू मोहाला आणि पुढची बाजू धुऱ्यात पुरलेल्या दोन खांबांवर, अशी योजना ठरली. मोहावर मचाण बांधावे ते कार्तिकात. फाल्गुन-चैत्रात फुले गळू लागली की अस्वले त्या झाडाकडे येतात, तेव्हा त्याच्या आसपास रात्र काढण्यात शहाणपण नाही. हे आम्हांला झाडाखाली उभे राहूनच कळले. झाड नुसते उंच असून चालत नाही. ते कोणत्या महिन्यात कोणाचे असते, हेही पाहावे लागते.

दुसरा प्रश्न लाकडाचा. जंगलातून बल्ली आणणे गुन्हा ठरतो, त्यामुळे सगळी भिस्त शेताच्या कडेच्या बांबूवर. बेटे दोन प्रकारची होती. कटांग जाड, पण आतून पोकळ. मानवेल बारीक, पण बराचसा भरीव. वजन पेलणाऱ्या आडव्या दांड्यांसाठी मानवेल, आणि जमीन करण्यासाठी कटांग उभा चिरून केलेल्या कामट्या. यंदाचा कोवळा बांबू घ्यायचा नाही. तो वाळला की आकसतो आणि त्याच्याभोवतीची बांधणी सैल पडते. जून बांबूही थोडा आकसतोच, म्हणून आठ-दहा दिवसांनी प्रत्येक सांध्यात पाचर ठोकून तो पुन्हा घट्ट करायचा असतो.

खिळा एकही नाही. आम्ही कारण विचारले. झाड वाऱ्याने हलते, खिळा हलत नाही. म्हणून खिळ्याभोवतीचे लाकूड हळूहळू फाटते. दोरी मात्र झाडाबरोबर हलते. शिवाय खिळ्याची जखम झाडात राहते आणि पुढच्या वर्षी हेच झाड हवे असते. अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी झाडावर टांगायची जी आसने करतात, त्यांच्या बाबतीतही घरी ठोकून केलेल्या लाकडी आसनांपासून शिकाऱ्यांना सावध केले जाते आणि वर चढल्यापासून उतरेपर्यंत अंगाला पट्टा बांधून झाडाशी जखडून घ्यायला सांगितले जाते, कारण तेथे झाडावरून पडणे हाच मोठा धोका मानतात. आमच्या यजमानांकडे पट्टा नव्हता. त्यांनी रात्री कमरेला बांधायची एक जाड दोरी खोडाभोवती कायमची टाकून ठेवली होती. झोप लागली तर माणूस लोंबकळेल, पण पडणार नाही.

गाठी त्यांनी आम्हांला मारू दिल्या आणि मग त्यांतल्या बहुतेक सोडून पुन्हा मारल्या. आमच्यापैकी एकाने दिसायला नेटकी गाठ मारली होती. ती सोडता सोडता ते म्हणाले, "सर, गाठ डोयाले नाही, हाताले सापडली पायजे. रातच्याले कोन पायते?" अंधारात सैल झालेला सांधा केवळ बोटांनी ओळखून पुन्हा आवळता यावा, म्हणून सगळ्या गाठी एकाच बाजूला आणि एकाच पद्धतीच्या. मचाणाच्या चारही सांध्यांवर गाठीचे टोक पूर्वेकडे होते. इतकी सुसंगत रचना आम्ही छापील मजकुरातही क्वचित पाहतो.

वर जमिनीसाठी आधी कामट्यांचा थर, त्यावर तणसाची जाड गादी, त्यावर युरियाच्या रिकाम्या गोण्या. छताला काळी ताडपत्री. तिन्ही बाजूंनी कमरेएवढे कठडे, चौथी बाजू खोडाची. खोडाला माणसाच्या उंचीपासून वर बोरीच्या आणि बाभळीच्या काट्या गुंडाळलेल्या, कारण वाघ सहसा झाडावर चढत नसला तरी बिबट्याला झाडाचे काही वाटत नाही. शिडी सुटी, वर गेल्यावर ती ओढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत काम झाले.

हे सारे पाहताना शिकाऱ्याचे मचाण आणि जागलीचे मचाण यांतला भेद स्पष्ट होत गेला. बाहेरून दोन्ही सारखीच : चार दांड्या, थोडा पाला, वर एक माणूस. पण त्यांचे तर्क अगदी उलटे आहेत. शिकाऱ्याचे मचाण लपण्यासाठी असते. तेथे विडी ओढायची नाही, खोकायचे नाही, कूस बदलायची नाही; वाऱ्याने वास सावजाकडे जाऊ नये अशा बाजूला बसायचे. जनावर जवळ यावे हीच तेथली इच्छा. जागलीच्या मचाणावर माणसाने दिसावे, ऐकू यावे, त्याचा वास वाऱ्यावर पसरावा. बॅटरीचा झोत फिरतो, पत्र्याचा डबा वाजतो, मोबाइलवर भजने लागतात, शेजारच्या शेतातील मचाणावरून हाक येते आणि तिला हाक दिली जाते. जनावर आलेच नाही, तर ती रात्र यशस्वी. शिकारकथेची रात्र घटनेची वाट पाहते. जागलीची रात्र घटना घडू नये म्हणून जागते. ज्या रात्री काही घडले नाही, तिची कथा कशी सांगणार? ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांनी विचार करावा असा हा प्रश्न आहे. शिकारीचे एक स्वतंत्र वाङ्मय झाले. जागलीचे झाले नाही. त्याचे एक कारण लिहिणारे कोण होते हे आहेच. दुसरे कारण कथानकाच्या आपल्या कल्पनेतही असावे.

मचाणाच्या साहित्याचा विचार करताना जिम कॉर्बेटचे नाव टाळता येत नाही, आणि न्यायाने बोलायचे तर त्याला वर सांगितलेल्या वाक्याचा सरसकट आरोपी करता येत नाही. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने २ मे १९२६ रोजी गुलाबराय येथे यात्रेच्या वाटेवरील आंब्याच्या झाडावर बसून मारला. त्याआधी तो तेथे ओळीने अनेक रात्री बसला होता. सरकारी नोंदीप्रमाणे त्या बिबट्याने आठ वर्षांत १२५ माणसे मारली होती. कॉर्बेटच्या पुस्तकांत त्याच्याबरोबरच्या माणसांना नावे आहेत, भीती आहे, विनोदबुद्धीही आहे. 'माय इंडिया' (१९५२) तर त्याने भारतातील गरिबांनाच अर्पण केले. आपल्याकडे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी रानातील जाणत्या माणसांचे शब्द वेचून मराठीत आणले, तेही याच अर्थाने वेगळे. पण नियम अपवादांनी मोडत नाही. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या शिकारींची जी वर्णने मागे उरली, त्यांत हाकारे घालणारे 'शंभर माणसे' असतात आणि मचाण 'बांधून तयार' असते.

याच कॉर्बेटच्या शेवटच्या वर्षांत मचाणाचा अर्थ बदलताना दिसतो. भारत सोडून तो केनियात गेला. तेथे १९३२ साली एका मोठ्या उंबरवर्गीय झाडावर बांधलेले 'ट्री टॉप्स' हे छोटे निवासस्थान होते. त्यावरून जनावरे मारायची नाहीत, पाहायची. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तेथे रात्रभर होती, कॉर्बेट सोबतीला होता, आणि त्याच रात्री इंग्लंडमध्ये राजाचा मृत्यू होऊन ती राणी झाली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकाऱ्याचे मचाण ओस पडले आणि हळूहळू त्यावर निसर्गप्रेमी येऊन बसला. आपल्या राज्यातील अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणांवर बसून प्राणी मोजण्याची प्रथा पडली. पुढे वाघांच्या गणनेसाठी कॅमेरे आले, तेव्हा त्या रात्रीला 'निसर्गानुभव' असे नाव मिळाले. आम्हीही त्या अनुभवासाठी पूर्वी बसलो आहोत. चांदणे सुंदर असते. डबा घरून आणलेला असतो. आणि मचाण, अर्थातच, बांधून तयार असते.

या बदलाला आम्ही कमी लेखत नाही. बंदुकीच्या जागी दुर्बीण आली हे चांगलेच झाले. कायदा आला नसता तर पगमार्ग पाहून भ्यावे, असा वाघच या शिवारात उरला नसता. मात्र वाघ वाचवण्याची किंमत कोण किती भरतो याचा हिशेब पौर्णिमेच्या मचाणावरून दिसत नाही. तो धुऱ्यावरच्या मचाणावरून दिसतो. पिकाच्या नुकसानीची भरपाई आहे. पण तिच्यासाठी अर्ज आहे, पंचनामा आहे, सातबारा आहे, आणि रात्री लोळवलेली बांधी पंचनाम्यापर्यंत तशीच ठेवणे आहे. कुंपणात चोरून वीज सोडणारे शेतकरीही आहेत. त्या तारेला डुक्कर मरते, कधी वाघ मरतो, कधी शेजारी. आमच्या यजमानांनी तो मार्ग घेतलेला नाही. चौदा फूट उंच मचाण हे त्यांचे उत्तर आहे. वाघाला त्याची वाट मोकळी ठेवावी, आपण त्याच्या वर राहावे आणि धान राखावे, इतका समंजस तोडगा आम्ही परिसंवादांतही ऐकलेला नाही.

येथे तुकोबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. अठराव्या शतकातील महिपतींनी सांगितलेली कथा सर्वश्रुत आहे : एका शेतकऱ्याने तुकोबांना शेताच्या राखणीसाठी माळ्यावर बसवले, पाखरे आली, तुकोबांनी त्यांना हाकलले नाही, मालक संतापला, आणि शेवटी धान्य अपेक्षेपेक्षा अधिक निघाले. वर्गात ही कथा भूतदयेची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मचाण बांधून झाल्यावर त्या रात्री आम्ही ती तेथे, वर बसून सांगितली. विद्यार्थ्याच्या वडिलांना ती ठाऊक होती. ते हसले आणि म्हणाले, "तुकोबाचं शेत दुसऱ्याचं होतं, सर." मग थोड्या वेळाने, "पाखरं खातेत तेवढं खाऊ द्या. डुकराचं तसं नाही." पाखराचा वाटा त्यांना मान्य होता. त्या वाक्यात दया आणि हिशेब एकत्र नांदत होते. समीक्षेला हे दोन वेगळे करायची सवय आहे; माळ्यावरच्या माणसाला ती चैन परवडत नाही.

रात्री अकरानंतर धुके उतरले. दोन वेळा लांबवर डबे वाजले, आमच्याही मचाणावरून डबा वाजवला गेला. एकदा चितळाचा इशाऱ्याचा आवाज नाल्याच्या बाजूने आला आणि चारही जण गप्प झालो. वडिलांनी बॅटरी नाल्याकडे धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. काही दिसले नाही. पहाटे उतरलो तेव्हा बांधी उभी होती.

सुट्टीनंतर आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक लेखन दिले : आपल्या घरी दरवर्षी हातांनी केली जाणारी एखादी वस्तू कशी तयार होते, ते दोन पानांत लिहा. कणगी आली, झाडू आले, चूल आली, मासे धरायची साधने आली. मचाणही आले. बहुतेकांनी 'सर्वप्रथम बांबू घेतला जातो, त्यानंतर तो चिरला जातो' अशी पाठ्यपुस्तकी रचना केली होती. वस्तूविषयी शास्त्रशुद्ध लिहायचे म्हणजे माणूस वगळायचा, असे शाळेपासून कोठेतरी शिकवले गेले असावे. जागलीच्या मुलाने तसे लिहिले नव्हते. त्याच्या लेखनातील पहिले वाक्य 'माझे बाबा दरवर्षी मचाण बांधतात' असे होते, आणि दोन्ही पाने वर्तमानकाळात होती. शेवटी त्याने लिहिले होते की धान घरी आले की बाबा मचाण सोडतात, बांबू जळणाला जातात, दोऱ्या गुंडाळून आढ्याला टांगतात. शुद्धलेखनाच्या अनेक चुका होत्या. प्रयोगाची एकही नव्हती.

हजेरीच्या प्रश्नावर आम्ही एक टिपण तयार केले. कमी हजेरीला सूट मागण्याच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. त्यात आजारपण, क्रीडास्पर्धा, राष्ट्रीय सेवा योजना ही कारणे रुळलेली आहेत. आम्ही तेथे 'जागल' असा शब्द लिहिला आणि खाली त्याचा अर्थ दिला. अशा कारणाला नियमात आधार आहे का, अशी विचारणा झाली. आम्ही त्या विद्यार्थ्याची दोन पाने टिपणाला जोडली. त्याला परीक्षेला बसता आले. वर्गातील आणखी सहा जणांनी त्यानंतर तेच कारण सांगितले, तेव्हा हा एका घराचा प्रश्न नव्हे, हे लेखी नोंदले गेले. आता पहिली तासिका सकाळी साडेसातऐवजी दहाला घ्यावी, निदान अश्विन-कार्तिकात तरी, अशी आमची मागणी आहे. ती विचाराधीन आहे.

यंदाही धान घरी येण्याआधी मचाण बांधावे लागेल. बांबू धुऱ्यावर आहे. ज्यांना शिकारकथा शिकवायच्या आहेत अशा सहकाऱ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस अवश्य यावे. येताना जाड दोरी आणावी, आणि गाठ डोळे मिटून मारायचा सराव करून यावे.